रशिया आपला मित्र असेल, म्हणून युक्रेन त्याचा गुलाम होत नाही

वर्षावासात कळवणला आम्ही दर रविवारी संध्याकाळी विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन घेतो. वाचणारे पाच-सहा, ऐकणारे वीस-पंचवीस. मागे एकदा रोहिणी नदीच्या पाण्याचा प्रसंग वाचायला होता. शाक्य आणि कोलिय यांच्यात पाण्यावरून मारामारी होते, शाक्यांचा सेनापती युद्धाचा ठराव मांडतो आणि तरुण सिद्धार्थ भर संघात उभा राहून त्या ठरावाला विरोध करतो. आमच्या तालुक्यात पाण्याचे भांडण कोणाला समजावून सांगावे लागत नाही. चणकापूरच्या आवर्तनाच्या वेळी गिरणेच्या काठाने काय काय चालते ते सगळ्यांना ठाऊक आहे.

वाचन संपले आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलाने विचारले, "दादा, मग युक्रेननेही शस्त्र खाली ठेवावे, असे बाबासाहेब म्हणाले असते का?"

लगेच दुसरा म्हणाला, "युक्रेन अमेरिकेचा दलाल आहे. पुतीनने केले ते बरोबरच केले. रशिया आपला जुना मित्र आहे."

मागून तिसरा, शेतकरी गडी, म्हणाला, "कांद्याला भाव नाही अन् तुम्ही युक्रेनचं काय घेऊन बसलात?"

त्या संध्याकाळी आम्ही धड उत्तर देऊ शकलो नाही. घरी येऊन वाचले, चर्चा केली, पुन्हा वाचले. त्यानंतर आमच्या लक्षात आले की हे तीन प्रश्न फक्त कळवणचे नाहीत. आंबेडकरी तरुणांच्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर हेच तीन सूर आहेत. म्हणून हा लेख. आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. या युद्धात आंबेडकरी माणूस तटस्थ राहू शकत नाही आणि पुतीनच्या बाजूने तर मुळीच उभा राहू शकत नाही. कारण अमेरिका काय म्हणते हे नाही. कारण बाबासाहेब काय म्हणाले हे आहे.

आपला काय संबंध?

आधी शेतकरी भावाचा प्रश्न, कारण तो सर्वात प्रामाणिक आहे.

भाऊ, २०२२ साली पोटॅशची गोणी सतराशे रुपयांवर गेली होती ती आठवते का? भारतात पोटॅश पिकत नाही, सगळे बाहेरून येते आणि त्यातला मोठा वाटा रशिया आणि बेलारूस यांचा. सूर्यफूल तेल सर्वात जास्त युक्रेनमधून यायचे. डब्याचा भाव कुठून कुठे गेला ते घरातल्या बाईला विचारा. युद्ध पाच हजार किलोमीटरवर पेटले आणि त्याचा चटका कळवणच्या कांद्याच्या वाफ्यापर्यंत आणि चुलीवरच्या कढईपर्यंत आला.

दुसरी गोष्ट आपल्या पोरांची. युद्ध सुरू झाले तेव्हा युक्रेनमध्ये हजारो भारतीय विद्यार्थी अडकले होते. बहुतेक एमबीबीएसचे. महाराष्ट्रातलेही पुष्कळ होते. ही मुले तिकडे हौसेने गेली नव्हती. इथे सरकारी कॉलेजात जागा कमी आणि खासगी कॉलेजची फी पन्नास लाखांपासून कोटीपर्यंत. शिक्षण विकायला काढले की गरीब आणि मध्यमवर्गीय मुलगा जिथे स्वस्त मिळेल तिथे जातो. १ मार्च २०२२ रोजी खारकिव्हमध्ये कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्याचा नवीन शेखरप्पा हा विद्यार्थी मारला गेला. खायचे सामान आणायला रांगेत उभा होता. तो रशियन माऱ्यात गेला. जुन्या मित्राने ती रांग कोणाची आहे हे बघितले नाही.

तिसरी गोष्ट त्याहून वाईट. नोकरीच्या आमिषाने रशियात नेलेल्या भारतीय तरुणांना कागदावर सह्या घेऊन सैन्यात भरती केल्याचे उघड झाले आणि मार्च २०२४ मध्ये सीबीआयने एजंट आणि व्हिसा कंपन्यांवर गुन्हा नोंदवला. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने दिलेली माहिती अशी होती की रशियन सैन्यात असल्याचे कळलेले भारतीय १२६, त्यापैकी १२ मेले, १६ बेपत्ता. हेल्परचे काम, सुरक्षारक्षकाचे काम, पगार लाखात, असे व्हिडिओ मोबाईलवर फिरत होते. सैन्य भरती आणि पोलीस भरतीच्या आशेने पहाटे रस्त्यावर पळणारी पोरे आमच्या तालुक्यात किती आहेत ते सगळे बघतात. असला व्हिडिओ त्यांच्या मोबाईलवर आला तर काय होईल, याची आम्हाला खरी भीती वाटते.

आणि स्वस्त तेलाचे काय? युद्धाआधी भारताच्या तेल आयातीत रशियाचा वाटा अगदी नगण्य होता. युद्धानंतर तो एक तृतीयांशाच्या वर गेला. सवलतीत तेल आले, शुद्ध झाले, परदेशात विकले गेले. पण मुंबईत पेट्रोलचा भाव जुलै २०२२ पासून मार्च २०२४ पर्यंत १०६ रुपयांवरून हलला नाही. मित्राने दिलेली सवलत कोणाच्या खिशात गेली? रिफायनरीवाल्यांच्या आणि सरकारच्या. ट्रॅक्टरमध्ये डिझेल टाकणाऱ्याच्या नाही. तेव्हा "रशिया आपला मित्र" म्हणताना त्यातला "आपला" म्हणजे कोण, हे एकदा विचारून घ्या.

पण आपला संबंध केवळ खत आणि तेल एवढाच नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली ती कोणाला अर्पण केली? अमेरिकेत निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. पुण्यातला एक शूद्र माणूस सातासमुद्रापलीकडच्या गुलामांशी आपले नाते जोडतो. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉय यांना पत्र लिहिले. १९७२ साली मुंबईच्या झोपडपट्टीतल्या पोरांनी संघटनेला नाव दिले दलित पँथर, आणि ते नाव आले ब्लॅक पँथरवरून. जगात कुठेही माणसाला माणूसपण नाकारले गेले की त्याचा आपल्याशी संबंध असतो, हे आपल्या चळवळीने कायम मानले. आता युक्रेनच्या वेळीच "आपल्याला काय करायचे" असे कसे चालेल?

१९५४ चे भाषण वाचले का?

आता दुसरा प्रश्न. रशिया मित्र आहे म्हणून त्याच्या चुकीवर गप्प बसायचे का?

२६ ऑगस्ट १९५४. राज्यसभेत परराष्ट्र धोरणावर चर्चा चालू होती. बाबासाहेब तेव्हा विरोधी बाकावर होते. १९५१ साली मंत्रिमंडळाचा राजीनामा देताना त्यांनी जी कारणे दिली त्यांत परराष्ट्र धोरणाबद्दलची नाराजीही होती, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्या दिवशी ते नेहरूंच्या शांततेच्या धोरणावर बोलले आणि सरळ मुद्द्यावर हात घातला. ही शांतता विकत घेतली जाते आहे आणि तिची किंमत म्हणून देशांचे तुकडे पाडले जात आहेत, असे ते म्हणाले. कोरिया तोडला, व्हिएतनाम तोडला. त्यांनी रशियाने महायुद्धात आणि नंतर गिळलेल्या देशांचा हिशोब सभागृहापुढे मांडला, बाल्टिक देशांपासून पोलंडपर्यंत. रशिया ज्याला मुक्ती म्हणतो तिच्यामागून स्वातंत्र्य येत नाही, दास्य येते, असा त्यांचा रोखठोक आरोप होता. राक्षसाने जबडा उघडला की प्रत्येक वेळी त्याला काहीतरी खायला घालायचे आणि त्याला शांतता म्हणायचे, मग एके दिवशी तो आपल्याकडेच वळला तर, असे त्यांनी विचारले.

महाराष्ट्र शासनाने काढलेल्या इंग्रजी 'लेखन आणि भाषणे' मालिकेचा पंधरावा खंड काढा आणि हे भाषण मुळातून वाचा. आमच्या सांगण्यावर जाऊ नका. वाचून झाल्यावर क्रिमियाकडे बघा. २०१४ साली पुतीनने क्रिमिया घेतला. जगाने थोडी कुरकुर केली आणि व्यापार चालू ठेवला. राक्षसाला एक घास मिळाला. ३० सप्टेंबर २०२२ रोजी त्याने दोनेत्स्क, लुहान्स्क, झापोरिझ्झिया आणि खेरसोन हे चार प्रांत रशियाला जोडल्याची घोषणा केली. आता काही शहाणे म्हणतात, जमीन देऊन टाका आणि शांतता घ्या. हेच तर बाबासाहेब १९५४ साली विचारत होते, की ही कसली शांतता आणि तिची किंमत कोण मोजतो आहे?

यावर आमचे डावे मित्र म्हणतील, बाबासाहेब कम्युनिस्ट रशियावर बोलत होते, आजचा रशिया कम्युनिस्ट कुठे आहे? अगदी बरोबर. आजच्या रशियात कामगारांचे राज्य नाही. तिथे मूठभर अब्जाधीश आहेत, गुप्तहेर खात्यातून आलेला राज्यकर्ता आहे आणि त्याला आशीर्वाद देणारे धर्मपीठ आहे. मग समाजवादाच्या नावाने त्याची पाठराखण तुम्ही कशासाठी करता? हल्ल्याच्या तीन दिवस आधी, २१ फेब्रुवारी २०२२ रोजी, पुतीनने टीव्हीवरून जे भाषण केले त्यात युक्रेन ही लेनिन आणि बोल्शेविकांनी निर्माण केलेली चूक आहे असे सांगितले. भिंतीवर लेनिनचा फोटो आणि स्टेटसला पुतीनचे कौतुक, हे एकत्र कसे राहते ते आम्हाला समजत नाही.

अण्णाभाऊ साठे यांचे नावही या वादात ओढले जाते. अण्णाभाऊ १९६१ साली रशियाला गेले आणि 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला. सप्टेंबर २०२२ मध्ये, म्हणजे युद्ध पेटलेले असताना, मॉस्कोतल्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झाले. अण्णाभाऊंचा सन्मान जगात कुठेही झाला तरी आमची छाती फुगते. पण ज्या अण्णाभाऊंनी 'स्टालिनग्राडचा पोवाडा' लिहिला, त्यांनी पोवाडा कोणाचा गायला? घरावर चालून आलेल्या फौजेपुढे गल्लीगल्लीत झुंजणाऱ्या माणसांचा. त्या लाल सैन्यात लाखो युक्रेनीही होते. आज खारकिव्ह आणि मारियुपोल कोणाच्या जागी उभे आहेत आणि चालून आलेली फौज कोणाची आहे? पोवाडा नीट ऐकणाऱ्याला उत्तर वेगळे सांगावे लागणार नाही.

"तुम्ही आमचेच आहात"

जुलै २०२१ मध्ये पुतीनने एक लांबलचक लेख लिहिला. विषय होता रशियन आणि युक्रेनी यांची ऐतिहासिक एकता. सार असे की तुम्ही आम्ही वेगळे नाहीच, आपण एकच लोक, तुम्हाला वेगळे व्हायला परक्यांनी फूस लावली.

मित्रांनो, हे वाक्य ओळखीचे वाटते का? आम्हाला तर पाठ आहे. गोलमेज परिषदेत गांधी बाबासाहेबांना काय सांगत होते? अस्पृश्यांचा खरा प्रतिनिधी मीच, ते वेगळे नाहीत, ते हिंदूच आहेत. आमच्या तालुक्यातल्या कोकणा आणि भिल्ल बांधवांना काय सांगितले जाते? तुम्ही आदिवासी नाही, वनवासी आहात, आमचेच आहात. धम्म स्वीकारणाऱ्याला काय सांगितले जाते? बौद्ध म्हणजे हिंदूंचीच शाखा. आधी "तुम्ही आमचेच" म्हणायचे, आणि "आम्ही आमचे आहोत" असे उत्तर आले की लाठी काढायची. माणसाला बहिष्कृत ठेवणे हा गुलामीचा एक प्रकार आहे. त्याला बळजबरीने कुशीत घेऊन त्याचे नावच पुसणे हा दुसरा प्रकार आहे.

युक्रेनच्या माणसाचे नाव पुसायचे काम जुने आहे. १८६३ साली झारचा गृहमंत्री वालुयेव याने परिपत्रक काढले. त्यात नमूद होते की वेगळी युक्रेनी भाषा कधी नव्हती, नाही आणि असू शकत नाही. १८७६ साली त्या भाषेत पुस्तके छापायलाच बंदी आली. त्यांचा सर्वात मोठा कवी तारास शेवचेन्को. १८१४ साली भूदासाच्या घरात जन्मला, म्हणजे जन्मतःच जमीनदाराची मालमत्ता. चित्रे काढायचा. त्याची कला बघून काही कलावंतांनी एका चित्राची सोडत काढून २५०० रुबल जमवले आणि १८३८ साली त्याला मालकाकडून विकत घेऊन मोकळे केले. त्याने आपल्या मातृभाषेत भूदासांचे दुःख लिहिले. १८४७ साली त्याला पकडून शिपाई म्हणून दूर हद्दपार केले आणि झारने स्वतःच्या हाताने शेरा मारला की याला लिहू आणि चित्र काढू देऊ नये. शूद्राने वेद ऐकला तर कानात शिसे ओतण्याचा कायदा ज्यांच्या पूर्वजांनी भोगला, त्यांना लेखणीवर बंदी म्हणजे काय ते कळायला हवे.

मग आला स्टालिन. १९३२-३३ साली युक्रेनच्या शेतकऱ्यांचे धान्य काढून नेले, गावे काळ्या यादीत टाकली आणि उपाशी माणसाला दुसरीकडे पोट भरायला जाताही येऊ नये म्हणून वाटा बंद केल्या. पस्तीस ते चाळीस लाख माणसे मेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. जगातल्या उत्तम काळ्या जमिनीवर शेतकरी उपासमारीने मेला.

एवढे सगळे भोगून त्या लोकांनी १ डिसेंबर १९९१ रोजी मतदान केले आणि नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी स्वतंत्र होण्याचा कौल दिला. रशियन भाषा बोलणाऱ्या दोनेत्स्क आणि लुहान्स्कमध्येही ऐंशी टक्क्यांच्या वर कौल मिळाला. क्रिमियातही बहुमत झाले. १९९४ साली बुडापेस्टला करार होऊन युक्रेनने आपल्याकडची अण्वस्त्रे देऊन टाकली आणि बदल्यात तुमच्या सीमांचा मान राखू असे रशियाने, अमेरिकेने आणि ब्रिटनने लिहून दिले. ते लिहून देणाऱ्यानेच २४ फेब्रुवारी २०२२ रोजी पहाटे रणगाडे घातले. शस्त्र ठेवून शब्दावर विश्वास ठेवणाऱ्याचे काय होते, हे पुणे कराराच्या वारसांनी तरी विसरू नये.

"दलाल" हा शब्द आपण वापरायचा?

आता राहिला दलालीचा आरोप. नाटो पूर्वेकडे सरकली हे खरे आहे. १९९९ आणि २००४ साली नवे देश आत घेतले, २००८ साली युक्रेनलाही कधीतरी घेऊ असे सांगितले. अमेरिकेने २००३ साली खोट्या कारणावर इराक बेचिराख केला हेही खरे. अमेरिकेला लोकशाहीचा कळवळा आहे असे आम्ही मानत नाही. गाझात मुले मरत असताना तिची जीभ कशी जड झाली ते जगाने पाहिले.

पण दलाल ठरवण्याआधी आपला इतिहास काढा. १९२८ साली बाबासाहेब सायमन कमिशनपुढे साक्ष द्यायला गेले तेव्हा त्यांना काय म्हटले गेले? गोलमेजला गेले तेव्हा काय म्हटले गेले? इंग्रजांचे हस्तक, ब्रिटिशांचे दलाल. भीमा कोरेगावला दरवर्षी १ जानेवारीला आपण जातो, तर आजही टोमणा काय असतो? तुम्ही तर परक्यांच्या बाजूने लढलात. ज्याच्या मानेवर शेजाऱ्याचा पाय आहे तो मदत मागताना देणाऱ्याची वंशावळ तपासत बसत नाही. वस्तीने पाण्यासाठी तहसीलदाराकडे धाव घेतली म्हणून गाव म्हणते, "घरचे भांडण बाहेर नेले." आता तोच शब्द आपण दुसऱ्या वस्तीला वापरायचा?

आणि वस्तीने कोणाशी सोयरीक करायची हे गावाच्या पाटलाने का ठरवायचे? युक्रेनने नाटोत जावे की जाऊ नये यावर वाद होऊ शकतो. पण तो निर्णय युक्रेनच्या माणसाचा आहे. तो आवडला नाही म्हणून घर जाळण्याचा अधिकार शेजाऱ्याला मिळत नाही.

"तिथे नाझी आहेत" असेही सांगितले जाते. अझोव्हसारख्या पथकाची सुरुवात अतिउजव्या लोकांनी केली, बांदेरासारख्या माणसाचे तिथे पुतळे आहेत, हे आम्ही झाकत नाही. त्या विचाराचा निषेधच. पण २०१९ च्या संसद निवडणुकीत अतिउजव्यांच्या एकत्रित यादीला दोन टक्क्यांच्या आसपास मते पडली. त्याच वर्षी त्या देशाने ७३ टक्के मतांनी ज्याला राष्ट्राध्यक्ष केले तो झेलेन्स्की ज्यू आहे. चार माणसे दाखवून आख्ख्या लोकांवर शिक्का मारायची पद्धत आपल्याला नवी नाही. कोरेगाव भीमाच्या दंगलीनंतर आपल्यावर कोणता शिक्का मारला? शहरी नक्षलवादी. आनंद तेलतुंबडे यांना तुरुंगात कोणत्या दिवशी जावे लागले? १४ एप्रिल २०२० ला, बाबासाहेबांच्या जयंतीला. शिक्का कसा तयार होतो हे ज्याने भोगले त्याने दुसऱ्याने तयार केलेला शिक्का डोळे मिटून उचलू नये.

या युद्धात मरतो कोण?

समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला एक सवय लागली. कुठलीही घटना आली की विचारायचे, यात किंमत कोण मोजतो? रशियाच्या बाजूनेही हा प्रश्न विचारून बघा.

मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्गच्या श्रीमंत घरांतली मुले आघाडीवर कमी सापडतात. सप्टेंबर २०२२ मध्ये सक्तीची भरती निघाली तेव्हा तिचा भार पडला गरीब आणि दूरच्या प्रांतांवर. बुर्यातिया, तुवा, दागेस्तान. दागेस्तानच्या मखाचकला शहरात बाया रस्त्यावर उतरून पोलिसांना विचारत होत्या, आमची पोरे कशासाठी नेता?

या नावांतली दोन नावे लक्षात ठेवा. बुर्यातिया आणि तुवा हे बौद्ध लोकांचे प्रदेश आहेत. तिसरा काल्मिकिया. ते आपले धम्मबांधव आहेत. १९३० च्या दशकात स्टालिनच्या राजवटीने त्यांचे विहार पाडले, भिक्खूंना तुरुंगात टाकले, गोळ्या घातल्या. डिसेंबर १९४३ मध्ये आख्खा काल्मिक समाज गुरांच्या डब्यात भरून सायबेरियात नेऊन टाकला. त्याच समाजाच्या मुलांना आज युक्रेनच्या चिखलात मरायला पाठवले जाते. काल्मिकियाचे प्रमुख लामा तेलो तुल्कू रिनपोचे यांनी हे युद्ध चूक आहे असे उघड सांगितले. जानेवारी २०२३ मध्ये रशियन सरकारने त्यांना "परकीय हस्तक" ठरवले आणि त्यांना पद सोडावे लागले. बघा, इथेही तोच शब्द. बुर्यातियाच्या प्रमुख लामांनी मात्र युद्धाला पाठिंबा दिला. चीवर अंगावर असले म्हणजे माणूस धम्माच्या बाजूने असतोच असे नाही.

दुसरीकडे रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख किरिल यांनी सप्टेंबर २०२२ च्या प्रवचनात सांगितले की कर्तव्य बजावताना जो सैनिक मरतो त्याची सगळी पापे धुतली जातात. लढ, मेलास तर स्वर्ग. हा उपदेश आपल्याला कुठल्या रणांगणावरून ऐकू येतो ते आम्ही सांगायला नको. धर्माने राजाच्या युद्धाला असा मुलामा दिला की मरतो तो नेहमी शूद्रच.

आणि बोलणाऱ्याचे काय होते? मॉस्कोच्या एका वॉर्डातला नगरसेवक अलेक्सेई गोरिनोव्ह सभेत म्हणाला की युक्रेनमध्ये मुले मरत असताना आपण मुलांच्या चित्रकला स्पर्धा काय घेतो? जुलै २०२२ मध्ये त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. नगरपालिकेच्या सभेत एक प्रश्न विचारल्याबद्दल सात वर्षे. ज्यांना पुतीनसारखा "खंबीर नेता" हवासा वाटतो त्यांनी हे एकदा शांतपणे वाचावे आणि आपल्या गावात असा नेता आला तर आधी आत कोण जाईल याचा विचार करावा.

मग युक्रेन धुतल्या तांदळाचा आहे का?

नाही. २०२२ च्या त्या पळापळीत युक्रेनच्या सीमेवर भारतीय आणि आफ्रिकी विद्यार्थ्यांना मागे ढकलून गोऱ्यांना आधी सोडल्याच्या तक्रारी आल्या, त्या आम्ही विसरलो नाही. २०१८ साली तिथल्या उजव्या टोळ्यांनी रोमा लोकांच्या वस्त्या जाळल्या. रोमा म्हणजे युरोपातले भटके-विमुक्त, ज्यांच्यावर तिथेही जन्मतः चोर असल्याचा शिक्का आहे. युरोपने युक्रेनी निर्वासितांना दार उघडले आणि सीरियाच्या, अफगाणिस्तानच्या निर्वासितांना तारेचे कुंपण दाखवले. हा वर्णभेद आहे आणि तो आम्ही वर्णभेदच म्हणणार.

पण पीडित माणूस निर्दोष असेल तरच त्याच्या बाजूने उभे राहायचे असे म्हटले तर जगात कोणाच्याच बाजूने उभे राहता येणार नाही. आपल्या वस्तीतही दारू आहे, बायकोला मारणारे आहेत, पोटजाती आहेत. म्हणून गावाने टाकलेला बहिष्कार योग्य ठरतो का?

तलवार ठेवायची की नाही?

आता त्या पहिल्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. तो सर्वात अवघड होता.

रोहिणीचा प्रसंग पुन्हा वाच. सिद्धार्थ कोणत्या बाजूचा होता? शाक्यांचा. युद्धाचा ठराव कोण मांडत होते? शाक्यच. म्हणजे सिद्धार्थाने स्वतःच्या लोकांच्या आक्रमणाला विरोध केला. दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्यांनी पाचवा निवडावा आणि वाद मिटवावा, असा मार्ग सांगितला. ठराव त्याच्या विरोधात गेला. भरतीचा हुकूम निघाला तेव्हा त्याने सैन्यात यायला नकार दिला, आणि कुटुंबावर बहिष्काराची, जमीन जप्तीची धमकी आली तेव्हा त्याने परिव्रज्या स्वीकारली. त्याने कोलियांना कुठेही सांगितले नाही की शाक्य आले तर मान खाली घालून उभे राहा. रोहिणीचा धडा आज आधी रशियाच्या माणसाला लागू होतो. गोरिनोव्ह त्या वाटेवर आहे. तेलो तुल्कू त्या वाटेवर आहेत. भरतीला नकार देणारा प्रत्येक रशियन तरुण त्या वाटेवर आहे.

आणि ज्याच्या घरावर हल्ला झाला त्याचे काय? 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात बाबासाहेबांनी सिंह सेनापतीचा प्रसंग दिला आहे. वैशालीचा सेनापती बुद्धाला हाच प्रश्न विचारतो. बुद्धाच्या उत्तराचा आशय असा की न्यायासाठी आणि रक्षणासाठी लढणाऱ्यावर हिंसेचा दोष येत नाही. शांततेचे सगळे मार्ग संपल्यावर युद्ध झाले तर दोष युद्ध सुरू करणाऱ्याचा. दुष्ट शक्तीपुढे शरण जाणे ही अहिंसा नव्हे. बाबासाहेब स्वतः याच रस्त्याने चालले. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज आपले मालक असतानाही नाझींचा पराभव झालाच पाहिजे अशी भूमिका त्यांनी घेतली आणि नोव्हेंबर १९४२ मध्ये मुंबई आकाशवाणीवरून बोलताना भारतीय कामगाराला हे युद्ध का जिंकायचे आहे ते सांगितले. एक मालक नकोसा आहे म्हणून त्याहून क्रूर मालक घरात घ्यायचा नसतो.

भारत सरकारने मात्र २ मार्च २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मतदान टाळले. हल्ल्याच्या निषेधाच्या बाजूने १४१ देश, विरोधात ५, तटस्थ ३५ आणि त्यांत आपण. सरकारची गरज सरकार जाणे. शस्त्रे रशियाची आहेत, १९७१ चा करार होता, काश्मीरवर त्यांनी नकाराधिकार वापरला, हे सगळे आम्हाला माहीत आहे. पण चळवळीला सरकारचे परराष्ट्र खाते सांभाळायचे नसते. चळवळीला आपले तत्त्व सांभाळायचे असते. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तीन मूल्ये आपल्या सीमेपर्यंत आणि पुढे नाहीत असे संविधानकर्त्याला वाटत नव्हते.

तेव्हा मित्रांनो, काय करायचे ते थोडक्यात सांगतो. आपल्या अभ्यासवर्गात १९५४ चे भाषण आणि 'बुद्ध की कार्ल मार्क्स' हा निबंध एकत्र वाचा. पुतीनचे कौतुक करणारे स्टेटस टाकण्याआधी "तुम्ही आमचेच" हे वाक्य आपल्याला कोण कोण म्हणाले ते आठवा. विहारात बुर्यात आणि काल्मिक धम्मबांधवांचा विषय काढा, ते आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊकच नाहीत. आणि वस्तीत, पाड्यावर, भरतीच्या मैदानावर पोरांना बजावून सांगा की रशियात लाखाच्या पगाराची नोकरी देतो म्हणणाऱ्या एजंटाला कागदपत्र देऊ नका, न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करू नका. हे शेवटचे काम आज संध्याकाळीच करता येईल.

गाव मोठे आहे म्हणून वस्ती गावाच्या मालकीची होत नाही. हे आपण आपल्या गावात ठणकावून सांगतो. मग ते जगाला सांगताना आपला आवाज का बसावा?

जय भीम! नमो बुद्धाय!